करके दिखाव

"नामंजूर? मला? मला नामंजूर?"

साहेब ओरडत होते. डोक्यापासून पायापर्यंत निथळत होते. मिशीच्या दोन्ही टोकांना पाण्याचे थेंब लोंबत होते. एका हातात पान्हा आणि दुसऱ्या हातात हातपंपाचा दांडा. दांडा म्हणजे नुसता दांडा; पंप वेगळीकडे, दांडा वेगळीकडे. समोर आंब्याखाली सतरंजीवर बायकांच्या बचत समूहाची अख्खी बैठक पदर तोंडात कोंबून हसू दाबत होती. साहेबांनी सगळ्यांसमोर हातपंप दुरुस्त करून दाखवायचा, असं ठरलं होतं. पंप दुरुस्त झाला नाही असं मी म्हणणार नाही. फक्त जिथून पाणी यायला हवं ती जागा सोडून बाकी सगळीकडून ते येत होतं.

त्या ओरडण्यानं आंब्यावर बसलेला पोपटांचा थवा भर्रकन उठला आणि काकोरीच्या दिशेनं दिसेनासा झाला. समूहाची अध्यक्ष फूलमती हिनं एकदा वर पाहिलं, एकदा साहेबांकडे पाहिलं आणि म्हणाली, "बैठ जाइए, बड़े बाबू. चाय ठंडी हो रही है. अगली बैठक में कुछ और करके दिखाइए."

साहेब बसले. फोल्डिंगच्या स्टुलावर नाही, जमिनीवर. ते स्टूल त्यांनी आयुष्यभर काखेत बाळगलं, पण त्यावर बसलेलं त्यांना कुणी पाहिलं नाही. विचारलं तर म्हणायचे, "बसायची सोय आहे म्हटल्यावर माणूस निवांत उभा राहू शकतो."

हे साहेब म्हणजे माझे एकेकाळचे ब्रँच मॅनेजर. मूळचे कऱ्हाडचे. मी वर्ध्याहून बदली होऊन लखनौला आलो तेव्हा मला वाटलं होतं की आता आयुष्यभर हळू आवाजात बोलावं लागणार. हे शहरच तसं आहे. इथे रिक्षावाला तुमच्या पायावरून चाक नेतो आणि वर म्हणतो, "जनाब, आपका पैर हमारे पहिये के नीचे आ गया." अशा गावात हा कऱ्हाडचा माणूस. साहेबांच्या आवाजाबद्दल काय सांगू? एकदा मलिहाबादच्या शाखेत त्यांनी कारकुनाला हाक मारली, तर काकोरीच्या शाखेतला कारकून उठून उभा राहिला. हे मी स्वतः पाहिलेलं आहे. म्हणजे ज्यानं पाहिलं त्याला मी पाहिलेलं आहे.

शर्टाच्या वरच्या खिशात पेनाशेजारी ठेच्याची डबी असायची. दर रविवारी मला लखनौच्या चौक नावाच्या जुन्या बाजारात कबाब खायला घेऊन जायचे आणि दुकानदारासमोरच डबी उघडून कबाबावर ठेचा लावायचे. पहिल्यांदा त्या म्हाताऱ्या दुकानदारानं प्रेमानं एक बोटभर चाखून पाहिला. त्यानं डोळे पुसले, पाणी प्याला, गल्लीच्या टोकापर्यंत चालत जाऊन आला आणि मग म्हणाला, "हुजूर, एक बात बता दीजिए. यह मोहब्बत है या अदावत?" साहेबांनी त्याला मिठी मारली. तेव्हापासून आम्हाला तिथे एक कबाब जास्त मिळू लागला. बहुधा लवकर जावं म्हणून.

समूहाची सुरुवात साहेब नोकरीत असतानाच झाली. बँक कर्ज द्यायची ती कागद बघून, आणि ज्यांच्याकडे कागद असायचे त्यांना कर्जाची गरज नसायची. साहेबांच्या टेबलासमोर फूलमती सारखी यायची. शिलाई मशीन हवं होतं. कागद म्हणून तिच्याकडे एक लग्नपत्रिका होती, तीही दुसऱ्या कुणाची. एक दिवस साहेब टेबलावर हात आपटून तिला म्हणाले, "हमारे पास मत आव. तुम सब मिलके खुदकी बँक काढो." साहेबांचं हिंदी असंच होतं. लखनौत तीस वर्षं राहूनही त्यावर लखनौचा एक शिंतोडा उडाला नव्हता.

तर बायकांनी खरोखरच काढली. फूलमतीच्या गावात, मलिहाबादजवळ, आंब्याखाली दर बुधवारी दुपारी बैठक. प्रत्येकीनं थोडं थोडं टाकायचं आणि त्यातूनच आपापसांत कर्ज द्यायचं. कुणाला द्यायचं ते सगळ्यांनी मिळून ठरवायचं. व्याज आलं की तेही आपल्याच पेटीत. त्या व्याजातून पत्र्याची शेड उभी राहिली आणि शेडमध्ये शिकवण्या सुरू झाल्या: शिलाई, चिकनचं भरतकाम, पंपदुरुस्ती, शेळ्यांचं औषधपाणी. आता तर आंब्याच्या बुंध्याला क्यूआर कोडची पाटी टांगलेली आहे. खिळा ठोकू दिला नाही साहेबांनी, सुतळीनं बांधली. "झाड काय बँकेच्या मालकीचं आहे का भोकं पाडायला?"

साहेबांनी समूहाला एकच नियम घालून दिला. तो त्यांनी शेडच्या पत्र्यावर स्वतःच्या हातानं रंगवला होता: करके दिखाव. सभासद व्हायचं असो की कर्ज घ्यायचं असो, आधी सगळ्यांसमोर आपल्या हातचं काम करून दाखवायचं, आणि ते काम बघून समूहाबाहेरचा कुणीतरी परका माणूस पैसे द्यायला तयार झाला पाहिजे. आपल्यातल्यांनी "छान छान" म्हटलेलं धरायचं नाही. शेळीसाठी कर्ज मागणारीनं शेळी धरून दाखवायची, मशीन मागणारीनं ब्लाउज शिवून दाखवायचा. "कागदावर पोट भरत नाही, हातावर भरतं," हे साहेबांचं आवडतं वाक्य. आणि कुणी आभार मानायला लागलं की दुसरं वाक्य: "मालक तुम लोग. मैं कौन? मैं खाली चिल्लानेवाला आदमी."

समूहाच्या कर्जावर घेतलेल्या शेळ्यांची नावं ठेवायचा मान मात्र साहेबांनी स्वतःकडे ठेवला होता. त्यांनी त्यांना बँकेतल्या हुद्द्यांची नावं दिली. एक क्षेत्रीय व्यवस्थापक होती. ती नुसती फिरायची. एक महाव्यवस्थापक होती, ती कुणालाच दिसायची नाही. आणि एक काळी, ढेरपोटी शेळी होती तिचं नाव लेखापरीक्षक. ती कुणाच्याही घरात न विचारता शिरायची आणि समोर येईल ते तोंडात घालायची. निवृत्तीनंतरसुद्धा साहेब मला फोन करून सांगायचे, "आज लेखापरीक्षकानं पुन्हा शबनम मास्तरणीची कोबी खाल्ली," आणि इतके हसायचे की मी फोन कानापासून लांब धरून शेजारच्या टेबलालाही ऐकवायचो. लांब न धरताही ऐकू जायचं, पण रीत म्हणून.

या शेळीनंच एकदा समूह वाचवला. पेटी वजनदार झाल्याचं कळल्यावर गावातला एक बडा माणूस बैठकीत येऊन बसला. पांढरे कपडे, पांढरे बूट, मागे छत्री धरायला माणूस. म्हणाला, मलाही सभासद करून घ्या. एकदा तो आत आला की पेटी त्याचीच होणार, हे शेळ्यांनासुद्धा कळत होतं. फूलमती शांतपणे म्हणाली, "करके दिखाइए."

"हम? हम क्या करके दिखाएँ?"

"जो आता हो."

"हम हुकुम देते हैं," तो म्हणाला.

"तो दीजिए."

समोर लेखापरीक्षक रवंथ करत बसली होती. बड्या माणसानं तिला उठायचा हुकूम दिला. शेळीनं त्याच्याकडे पाहिलं. त्यानं आवाज चढवला. शेळीनं डोळे मिटले. तिसऱ्यांदा त्यानं काठी उगारली तेव्हा शेळी उठली, पण जायला नाही. तिनं त्याच्या छत्रीवाल्याच्या हातातली छत्री खाल्ली. सगळी नाही, दांडी सोडली. तो माणूस पुन्हा त्या आंब्याखाली दिसला नाही, आणि त्या दिवशी साहेब असे हसले की शेडचा एक पत्रा निखळला.

असा नियम. साहेबांच्या अभिमानाचा, त्यांनी स्वतः केलेला. तोच एक दिवस फिरून त्यांच्या दारात येऊन उभा राहिला.

झालं असं, की वहिनी गेल्या. त्यानंतर साहेबांनी शहरातलं घर सोडलं आणि गावातच पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत राहायला गेले. त्यांची एकुलती एक मुलगी अनघा पुण्याला. आवाज अगदी वडिलांचा, फक्त शिकलेला. ती दर रविवारी फोन करायची आणि गिरणी चालू असली तरी दोघांना एकमेकांचं सगळं ऐकू जायचं, गिरणीवाल्यालाही जायचं. विषय एकच: बाबा, पुण्याला चला. साहेबांकडची कारणं संपत आली तेव्हा एका रविवारी ते ठोकून मोकळे झाले, "अगं, मला कसं येता येईल? मी इथल्या समूहाचा मेंबर आहे. मेंबरला असं सोडून जाता येत नाही."

मग अनघा म्हणाली, "मेंबर असाल, काम असेल, तर राहा. माझं काही म्हणणं नाही. नुसतं फिरायला राहणार असाल तर फिरायला पुण्यात पर्वती आहे. आंब्याच्या दिवसांत मी येते आणि बघते. दोन तिकिटं काढून येते."

साहेब दुसऱ्या दिवशी माझ्या बँकेत आले. पहिल्यांदाच हळू बोलत होते, म्हणजे फक्त आमच्या मजल्यावर ऐकू येईल इतपत. "मी मेंबर नाहीये रे," ते म्हणाले. "कधी झालोच नाही. लक्षातच आलं नाही."

मी म्हटलं, "साहेब, त्यात काय? फूलमतीला सांगा, मानद सभासद करून घेईल."

"मानद?" साहेबांचा आवाज परत आला आणि रोखपालाच्या हातातली नाणी खाली पडली. "मानद म्हणजे ज्याला चहा मिळतो पण मत मिळत नाही तो. मला खरा व्हायचंय."

फूलमतीकडे ते गेले तेव्हा मी बरोबर होतो. फूलमती मटार सोलत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "नियम है, बड़े बाबू."

"नियम मैंने किया है."

"हाँ. अच्छा नियम है," ती म्हणाली आणि पुढची शेंग घेतली.

आता खरी गंमत अशी की साहेबांना सगळंच येत होतं. शेडमध्ये जे जे शिकवलं जायचं ते ते पहिल्या बाकावर बसून त्यांनी शिकून घेतलेलं होतं. जे मला येत नाही ते मी तुम्हाला शिका कसं म्हणू, असा त्यांचा हट्ट. पण शिकणं वेगळं आणि कुणी त्याचे पैसे देणं वेगळं. पहिल्या बुधवारी त्यांनी चिकनचं काम दाखवायला घेतलं. शबनम ही आमची भरतकामाची मास्तरीण. अख्ख्या चौकात तिच्या हाताला नाव. तिच्याकडून साहेबांनी मुर्री शिकून घेतली होती. मुर्री म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढी नाजूक गाठ, अशा पुष्कळ गाठींची मिळून एक पाकळी होते. साहेबांची बोटं म्हणजे केळ्याचा घड. त्यांची प्रत्येक मुर्री बटाटेवड्याएवढी झाली. शबनम नुसती "या अल्लाह, या अल्लाह" करत सुईत दोरा ओवून देत राहिली.

नियमाप्रमाणे परका माणूस म्हणून चौकातला एक व्यापारी बोलावला होता. त्यानं कुर्ता उजेडात धरला. फिरवला. उलटा करून पाहिला. लखनौचा माणूस, तोंडावर वाईट कसं बोलणार? शेवटी म्हणाला, "माशाअल्लाह, बड़ी मेहनत हुई है. कपड़े की भी."

"कितना दोगे?" साहेबांनी विचारलं.

"हुजूर, यह तो अनमोल है," असं म्हणून त्यानं चहा अर्धा टाकला आणि चपला हातात घेऊन निघाला. तो कुर्ता आजही साहेब घालतात. छातीवर एक फूल आहे असं ते म्हणतात. लहान मुलं त्याला पाल म्हणतात.

दुसऱ्या बुधवारी पंप. ते मी सुरुवातीलाच सांगितलं. त्यानंतर आंब्याची पेटी भरायची होती: डाग नसलेला, मध्यम पिकलेला दशहरी निवडून गवतात लावायचा. साहेबांचं म्हणणं पडलं की चाखल्याशिवाय आंब्याची खात्री कशी देणार? पेटी संध्याकाळपर्यंत भरलीच नाही, साहेब मात्र भरले. फूलमतीनं रिकामी पेटी उचलून ठेवली. "नामंजूर." या वेळी साहेब ओरडलेसुद्धा नाहीत, कारण बोलायला तोंडात जागा नव्हती.

त्या वर्षी समूहानं एक मोठं धाडस केलं होतं. आजवर या बायका दुसऱ्यांच्या बागेत आंबे वेचायला मजुरीवर जायच्या. यंदा त्यांनी समूहाच्या पेटीतल्या पैशांतून एक अख्खी बाग हंगामापुरती ठेक्यानं घेतली. फळ उतरवायचं आपण, निवडायचं आपण, विकायचंही आपण. फूलमती बाहेरून दगडासारखी दिसायची, पण त्या दिवसांत ती झोपायला जातानाही बागेला एक चक्कर मारून जायची, असं शबनम सांगायची. आणि नेमका त्याच वर्षी राखणदार लग्नाला म्हणून गेला तो गेलाच. बागेत पोपटांचं राज्य झालं. पोपट कसले, ते दरोडेखोर होते. एका आंब्याला एकेक चोच मारायची आणि पुढच्या आंब्याकडे जायचं, नुसती चव बघत, साहेबांसारखी. बायकांनी थाळ्या वाजवल्या, पोपटांना त्या आवडल्या. काही तर ठेक्यावर माना हलवायला लागले, असं शबनम शपथेवर सांगते.

अशात अनघा आली. हातात छोटी बॅग, पर्समध्ये गुरुवारची दोन तिकिटं. आणि दिवस बुधवारचा. स्टेशनवरून मीच तिला गाडीतून थेट बागेत घेऊन गेलो. बैठक त्या दिवशी तिथेच होती. वाटेत तिनं विचारलं, "बाबा मेंबर आहेत ना हो, खरंच?" मी म्हटलं, यंदा दशहरी फार गोड आहे. ती साहेबांचीच मुलगी. पुढचं तिनं काही विचारलं नाही.

बागेत पोचलो तर साहेब पालीच्या कुर्त्यात स्टूल काखेत मारून उभे, बायका सतरंजीवर, डोक्यावर पोपटांचा बाजार. अनघानं नमस्कार केला आणि फूलमतीला सरळ विचारलं, "ये मेंबर हैं?"

फूलमती खोटं बोलत नाही. ही तिची एकच खोड. "अभी नहीं," ती म्हणाली.

अनघा वळली. आणि तिथून पुढे मराठी सुरू झाली.

"बाबा, बॅग भरा."

"भरणार नाही."

"तुम्ही इथे आहात कोण? मेंबर नाही, नोकर नाही, पाहुणेसुद्धा नाही. या वयात गिरणीच्या डोक्यावर राहताय. पीठ पडतंय अंगावर. मी तिकडे रोज फोन वाजला की घाबरते. कशासाठी?"

आता मी साहेबांना ओरडताना शेकडो वेळा ऐकलंय. कर्जबुडव्यांवर, हेड ऑफिसवर, लेखापरीक्षकावर. दोन्ही लेखापरीक्षकांवर. पण त्या दुपारी जे निघालं ते वेगळंच होतं. कृष्णा-कोयनेच्या संगमावर पूर आला की असं काही होत असावं.

"कशासाठी विचारतेस? ऐक. तुझी आई गेली तेव्हा तू आलीस, राहिलीस, तुझी नोकरी होती, गेलीस. मी नाही म्हणत नाही. पण नंतर मला कुणी जेवू घातलं ते तुला माहीत आहे? या बायकांनी बैठकीत विषय घेतला. कर्जाचे विषय झाले की शेवटचा विषय, बड़े बाबू का खाना. या आठवड्यात कुणाकडे, पुढच्या आठवड्यात कुणाकडे. हात वर करून ठराव व्हायचा. माझ्या जेवणाचा ठराव, अनू! पुण्यात तू मला खुर्ची देशील, पंखा देशील, गोळ्या वेळेवर देशील. पण मी चुकलो तर मला नामंजूर कोण करणार तिथे? इथे मला नामंजूर करायला माणसं आहेत. तिथे मी सगळ्यांना चालणार. मला नुसतं चालायचं नाहीये!"

"मग मला सांगायचं होतं असं! मेंबर आहे म्हणून थाप कशाला मारलीत?" अनघाही आता पूर्ण आवाजात आली. म्हटलं ना, आवाज वडिलांचा.

"कारण थाप मारल्याशिवाय तू ऐकत नाहीस!"

"आणि खरं सांगितल्याशिवाय मला कळणार कसं?"

त्या दोघांच्या मध्ये उभं राहणं म्हणजे रेल्वेच्या दोन इंजिनांच्या मध्ये उभं राहणं. माझा चष्मा थरथरत होता. शबनम डोळे पुसत होती. आणि मग माझ्या लक्षात आलं की बागेत दुसरा काही आवाजच उरलेला नाही. वर पाहिलं. झाडंच्या झाडं मोकळी होती. एका फांदीवर एक म्हातारा पोपट तेवढा राहिला होता. तो बहुधा बहिरा असावा. साहेब शेवटचं एकदा ओरडले, तोही गेला. त्या दिवशी काकोरीच्या स्टेशनावर लोक आभाळाकडे बोट दाखवून म्हणत होते, आज ऊन हिरवं का पडलंय?

जरा वेळानं कुंपणाच्या पलीकडून शेजारच्या बागेचे म्हातारे मालक, खाँसाहेब, काठी टेकत आले. धापा टाकत होते, पण बैठकीसमोर थांबून आधी त्यांनी अचकनीच्या गुंड्या लावल्या, मग आदाब केला.

"गुस्ताखी माफ हो," ते म्हणाले. "अभी-अभी आपके यहाँ के सारे मेहमान हमारी बाग में तशरीफ ले आए हैं. सारे के सारे. मालूम करना था, यह किन साहब की मेहरबानी है?"

बैठकीनं एकसाथ साहेबांकडे बोट दाखवलं.

खाँसाहेबांनी साहेबांना वरपासून खालपर्यंत पाहिलं, छातीवरच्या पालीपाशी जरा अडखळले आणि म्हणाले, "जनाब, अगर दोपहर के बाद थोड़ी देर हमारी तरफ मुँह करके भी कुछ फरमा दिया करें, तो बड़ा एहसान होगा. जो मुनासिब नजराना हो, हम हाजिर हैं."

आता फूलमतीनं पदर सावरला. "नजराना मतलब पैसा?"

"पैसा ही समझिए."

"आप समूह के तो नहीं हैं?"

"तौबा कीजिए. हम तो आपके सताए हुए हैं."

फूलमतीनं बैठकीकडे पाहिलं. शबनमचा हात वर गेला. मग एकेक करत सगळे हात वर गेले. "मंजूर," ती म्हणाली, जसं शेळीचं कर्ज मंजूर करते तसंच. मग खाँसाहेबांकडे वळून तिनं भाव ठरवायला घेतला, आणि खाँसाहेब "पहले आप, पहले आप" करत राहिले तेवढ्यात तिनं आपला आकडा दोनदा वाढवला.

अनघाला काय झालं ते कळेना. तिनं फूलमतीला विचारलं, "मतलब? ये करेंगे क्या?"

"चिल्लाएँगे."

"और उसके पैसे मिलेंगे?"

"मिलेंगे. आधे समूह को."

अनघा एका उलट्या पेटीवर बसली आणि हसायला लागली. साहेबांचंच हसू, पूर्ण. मग ती रडली, मग परत हसली, आणि शेवटी साहेबांना म्हणाली, "काम असेल तर राहा म्हटलं होतं मी. आता बोलता येत नाही." साहेबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि त्यांच्या तोंडून शब्द फुटला नाही. हा प्रसंग मी डोळ्यांनी पाहिलेला आहे. साहेबांचा आवाज बंद झाल्याचा जगातला हा एकमेव दाखला, आणि यात मी काडीची अतिशयोक्ती करत नाही. गुरुवारी एक तिकीट रद्द झालं. दुसऱ्या तिकिटावर अनघा गेली, आणि तिच्या पायाशी दशहरीची एक पेटी. जाताना फूलमतीनं तिला सांगून ठेवलं की पुढच्या हंगामात ये, सकाळची पाळी रिकामी आहे.

पुढे माझी नाशिकला बदली झाली. पण त्या बुधवारची संध्याकाळ अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. साहेब हवेत तरंगत होते. स्टूल उघडून जवळजवळ बसलेच होते, इतके खूश. मला बाजूला घेऊन म्हणाले, "बघितलंस? मनापासून बोललं की पोचतं. मी आजवर नियमांनी बोललो, हातांनी बोललो. आज काळजातून बोललो आणि एका झटक्यात मंजूर. शबनम रडत होती, पाहिलंस?"

शबनमनं दुपारी साहेबांच्या डबीतला ठेचा चाखला होता आणि तोच हात डोळ्याला लावला होता. मला हे माहीत होतं, पण मी मान डोलावली.

साहेबांना राहवेना. फूलमती उकिडवी बसून चोच मारलेले आंबे बाजूला काढत होती. तिच्यासमोर ते जाऊन उभे राहिले. "फूलमती, एक बात सच सच बताव. मैं दुपार को जो बोल्या, उसमें तुमको सबसे जास्ती क्या लगा? खाने का ठराव? के वो नामंजूर वाली बात?"

फूलमतीनं हातातला आंबा फिरवून पाहिला आणि डाव्या ढिगात टाकला.

"मराठी हमको नहीं आती, बड़े बाबू," ती म्हणाली. "तोते उड़ गए थे."